वेडे वाचक व शहाणे निंदक

एखादें मूल एकच पुस्तक पांचव्यांदा वाचीत बसलेलें दिसलें, म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांत एकामागून एक असे दोन उद्गार निघतात. मूल वाचतें आहे हें पाहून निघणारा पहिला उद्गार समाधानाचा असतो; तें काय वाचतें आहे हें कळल्यावर निघणारा दुसरा निराशेचा. पुस्तक एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राचें असलें तर पांच पारायणें ही अभ्यासू वृत्ति ठरते; तेंच जादूगारांच्या शाळेचें व उडत्या झाडूंचें असलें, तर तींच पारायणें 'वेड' या सदरांत जमा होतात. "आतां पुरे झालें हें खूळ, कांहीं चांगलें वाच," हा उपदेश ज्यांनीं लहानपणीं ऐकला नाहीं असे अद्भुतरसाचे भोक्ते आमच्या पाहण्यांत फारसे नाहींत. उपदेश करणारांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती त्यांच्या शहाणपणाविषयीं. आणि ती आज मोकळेपणानें बोलून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' या ग्रंथमालेनें जगांतील मुलांना जें वेड लावलें तें सर्वांच्या परिचयाचें आहे. अनेक प्रकाशकांनीं परत पाठविलेलें या मालेचें पहिलें पुस्तक लंडनच्या ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेनें २६ जून १९९७ रोजीं प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याच्या पक्क्या बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या. बाईनें लिहिलेलें पुस्तक मुलगे हातीं धरणार नाहींत या भीतीनें लेखिकेचें नांव आद्याक्षरांच्या आड दडविण्यांत आलें होतें. सातवें व शेवटचें पुस्तक २१ जुलै २००७ रोजीं निघालें, तेव्हां केवळ इंग्लंड व अमेरिका या दोन देशांत मिळून पहिल्या चोवीस तासांत सुमारें एक कोटि दहा लक्ष प्रती खपल्या. या दोन तारखांच्या दरम्यान दहा वर्षें गेलीं. त्या दहा वर्षांत जीं मुलें लहानाचीं मोठीं झालीं त्यांत आम्हीहि होतों. चौथें पुस्तक जुलै २००० मध्यें आणि पांचवें जून २००३ मध्यें, अशी जवळजवळ तीन वर्षांची वाट आम्हीं पाहिली आहे. तेव्हां पुढील विवेचन हें तटस्थाचें नसून पक्षकाराचें आहे, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

या मालेवर पहिला मोठा हल्ला विद्वानांकडून झाला. अमेरिकेंतील नामांकित टीकाकार हॅरोल्ड ब्लूम यांनीं जुलै २००० मध्यें 'वॉल स्ट्रीट जर्नल' या पत्रांत पहिल्या पुस्तकाचा समाचार घेतला. भाषा घासून गुळगुळीत झालेली, कल्पना उसन्या, आणि पुस्तक विकत घेणारे कोट्यवधि लोक खुशाल चुकलेले, असा त्यांच्या निकालाचा मथितार्थ होता. तीन वर्षांनीं इंग्लंडांतील प्रसिद्ध कादंबरीकर्त्री ए. एस. बायट यांनीं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें लिहिलें कीं, हें जग जुन्या कथांचे तुकडे जोडून बनविलेलें आहे. मुलांना तें आवडावें हें समजण्यासारखें असलें, तरी मोठ्या माणसांना तें आवडावें हें त्यांच्या कल्पनाशक्तीच्या दारिद्र्याचें लक्षण आहे.

भाषेविषयींचा आक्षेप आम्ही वाद न घालतां सोडून देतों. रोलिंगबाईंचीं वाक्यें अलंकारशास्त्राच्या वर्गांत उदाहरणादाखल कोणी घेणार नाहीं. परंतु जुन्या तुकड्यांचा आक्षेप निदान आपल्या देशांत तरी कोणीं घेऊं नये. सोमदेवानें 'कथासरित्सागर' रचिला तो 'बृहत्कथे'च्या आधारावर. आमच्या हरदासांनीं सीतास्वयंवराचें आख्यान हजार वेळां लावलें आणि हजार एकाव्या वेळींहि श्रोते ताटकळत बसले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडितानें 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठींत आणावयास घेतल्या, म्हणून त्यांच्या तर्कशास्त्राला किंवा व्याकरणाला उणेपणा आल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. कथेचें मूळ कोठलें हा प्रश्न ऋषीच्या कुळाइतकाच निरुपयोगी आहे. ती ऐकणारावर तिचें काय होतें, हा खरा प्रश्न.

आणि या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार, एकदां वाचून निकाल देणाऱ्या पंडितापेक्षां, दहादां वाचणाऱ्या पोराला अधिक आहे. एकच दाखला देतों. २००५ सालीं निघालेल्या सहाव्या पुस्तकाच्या शेवटीं एका चिठ्ठीखालीं 'आर. ए. बी.' अशीं आद्याक्षरें येतात, आणि तीं कोणाचीं हें न सांगतांच पुस्तक संपतें. पुढचें पुस्तक निघण्यास दोन वर्षांचा अवकाश होता. त्या अवकाशांत या वेड्या वाचकांनीं काय केलें? त्यांनीं मागलीं पुस्तकें पुन्हा चाळून, ओझरता उल्लेख झालेला 'ब्लॅक' या घराण्यांतील एक मयत भाऊ हुडकून काढला. तेवढ्यानें समाधान न होऊन त्यांनीं परभाषांतील भाषांतरें ताडून पाहिलीं. डच भाषांतरकारानें 'ब्लॅक' या आडनांवाचें 'झ्वार्ट्स' केलें होतें, आणि त्याच्या पुस्तकांत चिठ्ठीवरील शेवटचें अक्षर 'बी' नसून 'झेड' निघालें. नॉर्वेच्या भाषांतरांत आडनांव 'स्वार्ट', तर अक्षर 'एस'. तर्क पक्का झाला, आणि दोन वर्षांनीं सातव्या पुस्तकानें त्यावर शिक्का मारला. निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद ताडून ज्ञानेश्वरींतील ओवीचा मूळ पाठ ठरविणारे आमचे संशोधक याहून निराळें तें काय करितात? पाठचिकित्सेची ही रीति या पोरांना कोणत्याहि शाळेनें शिकविली नव्हती. ती प्रेमानें शिकविली. जें पुस्तक मनापासून आवडत नाहीं त्याच्या आद्याक्षरांसाठीं तीन भाषांतरें कोण धुंडाळील?

दुसरा आक्षेप नीतिवंतांचा. अद्भुत कथा मुलाला खऱ्या जगापासून पळावयास शिकवितात, असें हे गृहस्थ म्हणतात. त्यांनीं निदान पहिलें पुस्तक उघडून पाहिलें असतें, तर बरें झालें असतें. त्यांत एक आरसा आहे. त्यांत पाहणाराला स्वतःच्या अंतःकरणांतील सर्वांत उत्कट इच्छा पुरी झालेली दिसते. अनाथ हॅरीला त्यांत मेलेले आईबाप दिसतात, आणि तो रात्रीमागून रात्र त्यापुढें बसूं लागतो. तेव्हां शाळेचा वृद्ध प्रमुख डंबलडोर त्याला बजावतो कीं, या आरशापुढें बसून माणसें वायां गेलीं आहेत. आणि तो आरसा तेथून हलवितो. पळपुटेपणाविरुद्ध याहून स्पष्ट ताकीद अकरा वर्षांच्या मुलाला कोणता सुबोध निबंध देईल? पांचव्या पुस्तकांत तर सरकार डोळ्यांपुढील संकट नाकारतें, वर्तमानपत्र खरें बोलणाऱ्या मुलाची रोज टवाळी करितें, आणि शाळेंत स्वसंरक्षणाचा विषय प्रत्यक्ष कृति वगळून नुसता पुस्तकांतून घोकविला जातो. शेवटीं मुलें चोरून एकमेकांस शिकवूं लागतात. हें तेराव्या वर्षीं ज्यानें वाचलें त्याला पुढें खरें वर्तमानपत्र वाचतांना कांहीं प्रश्न सुचले, तर त्याला पलायन म्हणावयाचें कीं जागृति?

याविषयीं इटलींतील संशोधकांनीं केलेला एक प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. पांचवींतील कांहीं मुलांना याच मालेंतील, हीन लेखिल्या गेलेल्या लोकांविषयींचे उतारे वाचून दाखवून त्यांवर चर्चा करण्यांत आली. दुसऱ्या कांहींना त्याच पुस्तकांतील इतर उतारे. पहिल्या गटांतील ज्या मुलांना नायक आपलासा वाटत होता, त्यांची परदेशांतून येऊन राहिलेल्या लोकांविषयींची वृत्ति अधिक निवळलेली आढळली. प्रयोग लहान होता, व त्याच्या पायावर मोठा वाडा बांधण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांतील एकच गोष्ट ध्यानांत घ्यावी: नुसतें वाचून जें झालें नाहीं, तें नायकावर जीव जडल्यानें झालें. म्हणजे आमचे नीतिवंत ज्याला वेड म्हणून हांकून देऊं पाहतात, त्याच्याच वाटेनें नीति आंत शिरली.

तिसरा वर्ग जाळणारांचा. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांतीं आलामोगोर्डो या गांवीं एका धर्मोपदेशकाच्या पुढाकारानें ३० डिसेंबर २००१ रोजीं हीं पुस्तकें होळींत टाकण्यांत आलीं. आणि २००० ते २००९ या दशकांत ज्या पुस्तकांवर त्या देशांत सर्वांत अधिक आक्षेप नोंदले गेले, त्यांची यादी तेथील ग्रंथालयसंघानें केली, तेव्हां तिच्या शिरोभागीं हीच माला निघाली. या वर्गाशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. पण त्याच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, पुस्तकांत शक्ति असते हें त्याला विद्वानांपेक्षां अधिक समजलें होतें. निरुपद्रवी करमणूक कोणी जाळीत नाहीं.

चवथा वर्ग व्यापाऱ्यांचा, आणि हा सर्वांत कावेबाज. तो वेडाला नांवें ठेवीत नाहीं. तो तें विकत घेतो. वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट काढणाऱ्या कंपनीनें २००० सालच्या अखेरीस, हॅरीच्या नांवानें स्वतःचीं संकेतस्थळें चालविणाऱ्या मुलांना वकिली पत्रें धाडलीं. त्यांत इंग्लंडांतील एक पंधरा वर्षांची मुलगी होती. जिच्या प्रेमावर कंपनीचा सारा धंदा उभा राहावयाचा, तिलाच चोर ठरविण्याचा हा उद्योग! पण या पोरांनीं कंपनीच्या मालावर बहिष्कार पुकारला, वर्तमानपत्रें गांठलीं, आणि अखेर कंपनीला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे २००७ च्या दुर्गापूजेंत कलकत्त्याच्या सॉल्ट लेक भागांतील एका मंडळानें हॉगवर्ट्स शाळेचा मंडप उभारला, तेव्हां वीस लाख रुपयांच्या भरपाईची मागणी घेऊन प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेलें. उत्सव संपेपर्यंत मंडप उभा ठेवण्यास न्यायालयानें मुभा दिली, हें त्या न्यायालयाला भूषणावह झालें. ज्या मंडपांत देवी बसावयाची त्यालाच हॅरीच्या शाळेचें रूप द्यावें, याहून मोठा मान बंगालचें एखादें मंडळ परदेशच्या कथेला काय देणार होतें? व्यापाऱ्याला मात्र त्यांत बुडालेलें भाडें दिसलें.

येथवर आम्हीं बाहेरच्या प्रतिपक्षांचा विचार केला. आतां अधिक नाजूक प्रश्न. या वाचकांना 'भक्त' म्हणण्याची रीत पडली आहे, आणि भक्त म्हटला कीं तो आंधळा, असें गृहीत धरण्यांत येतें. हें गृहीत पंढरपूरच्या मुलखांत तरी खपतां कामा नये. आमच्या नामदेवाची भक्ति काय मुकी होती? जनाबाईनें विठ्ठलाला शिव्या दिल्या नाहींत काय? जो देवाशीं भांडूं शकत नाहीं तो भक्त नव्हे, तो फार तर पुजारी. आणि पुजाऱ्याचें लक्ष दक्षिणेकडे असतें. भांडण्याचा हक्क प्रेमानेंच मिळतो. तो परक्याला नसतो.

हा हक्क या पिढीनें बजावला आहे. २००५ सालीं स्थापन झालेल्या 'हॅरी पॉटर अलायन्स' या वाचकांच्याच संस्थेनें २०१० च्या भूकंपानंतर हैतीस मदतीचीं पांच विमानें धाडलीं. आणि हॅरीच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या चॉकलेटांतील कोको मजुरांची पिळवणूक न करितां मिळविलेला असावा, म्हणून वर्षानुवर्षें तगादा लावून २०१५ च्या आरंभीं त्याच कंपनीकडून तसें आश्वासन मिळविलें. पुढें जून २०२० मध्यें रोलिंगबाईंनीं स्त्रीपुरुषभेद व तृतीयपंथीयांचे हक्क यांविषयीं आपलीं मतें विस्तारानें प्रसिद्ध केलीं, तेव्हां वाचकांच्या दोन जुन्या व मोठ्या संघांनीं आपण त्या मतांपासून दूर आहों असें जाहीर करून लेखिकेचें छायाचित्र छापणेंहि सोडून दिलें. त्या वादांत कोणाची बाजू न्याय्य, हा या लेखाचा विषय नव्हे. त्या वेळीं लेखिकेच्या बाजूनें उभे राहिलेले वाचकहि पुष्कळ होते. आमचें म्हणणें एवढेंच कीं, एकाच पुस्तकावर वाढलेलीं माणसें पुस्तक न सोडतां लेखिकेशीं, आणि एकमेकांशींहि, अशीं भांडूं शकतात, तेव्हां त्यांच्या भक्तीला आंधळी म्हणणारानें आधीं स्वतःचे डोळे तपासावे. आणि हें त्यांना शिकविलें कोणीं? त्याच पुस्तकांनीं. सहा पुस्तकें ज्या डंबलडोरला गुरुस्थानीं बसविलें, त्याच्या तरुणपणचीं पातकें सातव्या पुस्तकांत उघडीं पडतात. आणि नायकाला गुरूचा दोष पत्करून गुरूवरील प्रेम टिकवावें लागतें. हा धडा ज्यानें विसाव्या वर्षीं गिरविला, त्याला तो तेहतिसाव्या वर्षीं लेखिकेच्याच बाबतींत उपयोगी पडला, यांत नवल कसलें?

अर्थात् आमच्या पक्षांतहि गाळ आहे, आणि तो झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. वयाची पस्तिशी उलटली तरी ज्यांचें वाचन अकराव्या वर्षाच्या पलीकडे गेलें नाहीं. ज्यांची भक्ति कपाटांतील झगे, कांड्या व कप यांच्या संख्येवर मोजली जाते. आणि आपल्या मुलानें तेंच वाचावें, तेथेंच हसावें व तेथेंच रडावें, असा जे हट्ट धरितात, ते वाचक नव्हत, गिऱ्हाइकें होत. आरशापुढें बसून वायां गेलेलीं माणसें तीं हींच. विद्वानांचा टोमणा यांना लागू पडतो, तेवढा खुशाल पडूं द्यावा. परंतु मठांत कांहीं गोसावी पोटार्थी निघाले, म्हणून भजन खोटें ठरत नाहीं. ज्या पुस्तकानें वाचण्याची गोडी लावली त्याच्या पुढें जाणें हीच त्या पुस्तकाची खरी परतफेड होय, असें आम्ही समजतों.

आतां शेवटचें बोलणें आमच्या घरांतील वडील मंडळींशीं. 'मुलें मराठी वाचीत नाहींत' ही तक्रार आम्ही घरोघर ऐकतों. पहिल्या पुस्तकाचें मराठी भाषांतर 'हॅरी पॉटर आणि परीस' या नांवानें झालें आहे. तत्त्ववेत्त्याच्या दगडापेक्षां परीस हा शब्द आमच्या कानाला किती जवळचा! लोखंडाचें सोनें करणारा हा दगड आमच्या आजीच्या गोष्टींत पूर्वापार होताच. असें असतां किती घरांत तें भाषांतर मुलाच्या हातीं देण्यांत आलें? इंग्रजी सुधारेल म्हणून इंग्रजी प्रत घ्यावयाची, गुण घटतील म्हणून तीहि मे महिन्यापुरती द्यावयाची, आणि मागाहून मूल मराठीला दुरावलें म्हणून गळा काढावयाचा, या व्यवहारांत दोष मुलाचा कोठें आहे? भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या फास्टर फेणेवर एका पिढीनें असाच जीव टाकला होता. मराठी मुलाला वेडें होतां येतें, हें त्यानें सिद्ध केलें. आम्हीं मोठ्यांनीं त्या वेडाला कधीं मानाचें पान मांडलें नाहीं. बालवाङ्मय म्हणजे बोधवाङ्मय, अशी आमची समजूत. आणि अद्भुत म्हणजे पोरकट, असा आमचा निकाल. मग मुलानें जादूचें जग इंग्लंडांत शोधलें तर आम्हीं कपाळाला हात लावतों!

म्हणून आमची विनंति, किंबहुना मागणी, अशी आहे. मुलाच्या आवडत्या पुस्तकाला हसूं नका. तें स्वतः वाचा, आणि मग त्याच्याशीं भांडा. नायक चुकला कोठें, गुरु खोटें कां बोलला, जो खलपुरुष वाटला तो शेवटीं तसा कां निघाला नाहीं, हें त्याला विचारा. तो तुम्हांला पानासकट उत्तर देईल, आणि बहुतेक वेळां तुम्ही हराल. आज जो एका पुस्तकासाठीं तीन वर्षें वाट पाहतो, त्यांतील एका ओळीसाठीं घरच्यांशीं वाद घालतो, तोच उद्यां गाथा हातीं घेईल तेव्हां ती चाळून खालीं ठेवणार नाहीं. आणि मराठी मुलांना असें वेड लावणारी ग्रंथमाला जर कधीं लिहिली गेली, तर ती लिहिणारा अशाच एखाद्या वेड्या वाचकांतून निघेल. त्याचें पुस्तक हिसकावून घेऊन त्याला 'कांहीं चांगलें' वाचावयास देणाऱ्या शहाण्यांतून खास नव्हे.